डावीकडची सीट

गाडीत गाणी लावायच्या सेटच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ‘५० वॅट × ४’ असं छापलं होतं आणि दुकानदाराचं बोट सारखं त्याच ओळीवर जात होतं. ‘‘दोनशे वॅटचा आहे ताई. गाडीच्या काचा हलतील.’’ मी सेट हातात घेऊन उलटा केला. पाठीवर वायरींच्या कपलरशेजारी नखाएवढा लाल फ्यूज होता आणि त्याच्यावर १० हा आकडा. दहा अँपिअर. इंजिन चालू असताना गाडीच्या वायरिंगमध्ये साधारण १४.४ व्होल्ट असतात. दोन्हींचा गुणाकार केला की १४४ होतात. ज्या दारातून १४४ वॅटच आत येऊ शकतात, त्या घरातून २०० वॅट सतत बाहेर पडणार कुठून?

हा हिशेब मी दुकानात बोलून दाखवला नाही. त्या माणसाचा दोष नव्हता, तो खोक्यावरचंच वाचत होता. पण तो ५० आकडा येतो कुठून हे मी नंतर घरी कागदावर मांडून बघितलं. १४.४ चा वर्ग करायचा आणि स्पीकरच्या ४ ओहमने भागायचं, की ५१.८ येतात. म्हणजे स्पीकर थेट बॅटरीला जोडून ठेवला तर जितकी शक्ती जाईल तितकी. गाणं असं नसतं. साध्या गोल लाटेला त्यातले निम्मे, २६ वॅट मिळतात, आणि आतली अँप्लिफायरची चिप स्वतःसाठी काही व्होल्ट ठेवून घेते. राहतात अठरा-वीस. माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत खरा आकडा होता: १४ वॅट × ४, ४ ओहमवर, १ टक्क्यापर्यंतच्या विकृतीसह, म्हणजे मूळ आवाज तेवढाच बिघडू देऊन. शेजारच्या फळीवरच्या, तीन हजारांनी महाग सेटचा तोच आकडा २२ वॅट. कानाला या दोहोंतला फरक दोन डेसिबलचा. आवाजाची कळ जरा फिरवली की संपला. त्या फरकासाठी तीन हजार द्यायचे नाहीत हे तिथेच ठरलं.

हे २०१७ च्या एप्रिलमधलं. आमची वॅगन आर आठ वर्षांची झाली होती आणि तिच्यातल्या जुन्या सेटने सीडी गिळून परत न देण्याचा हट्ट धरला होता. बाजारात तेव्हा दोन टोकं होती. एका टोकाला अडीच-तीन हजारांचे, फक्त पेनड्राइव्ह आणि ब्लूटूथवाले सेट. दुसऱ्या टोकाला पंधरा हजारांपासून पुढचे टचस्क्रीन. मधल्या फळीवर सात-साडेसात हजारांत सीडीचा खाच असलेले, एका डिनच्या, म्हणजे डॅशबोर्डातल्या ठरलेल्या कप्प्याच्या, मापाचे सेट होते, १८० मिलिमीटर रुंद आणि ५० उंच. त्यातले चार मी दोन शनिवार घालवून ऐकले. मैत्रिणी विचारायच्या, सीडी कशाला आता? सगळं फोनवर आहे.

मला सीडीचाच हवा होता, कारण डावीकडच्या सीटवर आत्या बसणार होती.

आत्या नवी मुंबईत, नेरुळला राहते. तेव्हा चौऱ्याहत्तरची होती. दर पंधरवड्याला शनिवारी ठाण्याला, नौपाड्यात बायकांच्या भजनी मंडळाला शिकवायला यायची. तिला सकाळी आणायचं आणि संध्याकाळी सोडायचं हे माझं काम, आणि ते मी कुणाला वाटून दिलेलं नाही. बाबा असताना ते तिला आणायचे. बाबांनी जमवलेल्या एकशे चाळीस सीडी घरात आहेत, त्यांतल्या आठ-दहा ती जाताना पिशवीतून नेते, परत आणते. वेष्टनावरची नावं चष्मा लावून वाचते, तबल्याला कोण आहे ते बघते आणि मग ठरवते. फोनवर गाणं लावता येत नाही असं नाही, मी शिकवलंय. पण तिला हातात धरून निवडायचं असतं. आणि एक गोष्ट तिच्या कानाला खरोखर खटकते. एखादा राग सीडीवर तीन ट्रॅकमध्ये विभागलेला असेल, तर सीडी तो सलग वाजवते. त्याच्याच एमपीथ्री करून पेनड्राइव्हवर घातल्या, तर माझ्या जुन्या सेटमध्ये दर जोडावर क्षणभर आवाज तुटायचा. तानपुरा चालू असताना मध्येच अर्ध्या सेकंदाचा खड्डा. आत्या त्या जागी हात वर करायची, जणू कुणीतरी दार आपटलं.

म्हणून सेट ऐकायला जाताना मी माझ्या सीडी घेऊन गेले. दुकानात लावतात ते गाणं मुद्दाम निवडलेलं असतं. त्यात सगळे सेट छान वाजतात. मी लावला तो नुसता तानपुरा, गाणं सुरू होण्याआधीचा. पुरुष गायकाचा, काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा. या सुरात खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास बोलते, आणि दरवाजातल्या साडेसहा इंची स्पीकरला तिथे धाप लागते. सेटमधली खालचे स्वर अडवणारी गाळणी कंपनीकडून ८० हर्ट्झवर लावून आलेली होती, म्हणजे खर्जाचा मूळ स्वर ती बराचसा अडवणार. तरी खर्ज ऐकू येत होता, कारण जवारीतून निघणारे वरचे स्वर शाबूत होते आणि कान त्यांवरून खालचा स्वर स्वतः भरून घेतो. मी गाळणी ६३ वर आणली. आता पंचम, जोड, जोड, खर्ज असं चारही तारांचं फिरणं वेगवेगळं ऐकू यायला लागलं. एका सेटमध्ये मात्र काहीही केलं तरी चार तारांचा एकच गुंजारव व्हायचा. तो बाद. ‘सुपर बास’ नावाचं बटण चारही सेटना होतं. ते दाबलं की डग्ग्यावरची घसरत जाणारी मींड जाऊन तिथे नुसता धप्प असा ठोका उरायचा. ज्याने तबला कधी जवळ बसून ऐकलाय त्याने ते बटण दाबू नये.

दुसरी चाचणी रेडिओची, आणि तिच्यात सर्वांत स्वस्त सौदा हातचा गेला. एक परदेशातून आलेला सेट हजार रुपयांनी कमी होता, आवाज सुरेख, कळ मऊ. मी मीडियम वेव्ह लावली आणि अस्मिता वाहिनी शोधायला लागले. ५५८ किलोहर्ट्झ. आकडे ५५० वरून उडी मारून थेट ५६० वर गेले. पुन्हा मागे, पुन्हा पुढे, ५५८ नव्हतंच. कारण साधं आहे. आपल्याकडे मीडियम वेव्हची केंद्रं नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या पायरीवर बसतात, ५५८ म्हणजे बरोबर नऊचा बासष्टावा पट. अमेरिकेत पायरी दहाची. तिकडच्या सेटला आपल्या पायऱ्या माहीतच नसतात, आणि या सेटमध्ये प्रदेश बदलायची सोय नव्हती. ५६० वर केंद्र लागतं, पण शब्दांना कड येते, निवेदिकेचा ‘स’ फाटतो. आत्या सकाळी सातला स्वयंपाकघरात अस्मिता लावते, गाडीत बसल्यावर तेच पुढे ऐकायचं असतं. मी तो सेट परत ठेवला.

शेवटी घेतला तो साडेसात हजारांचा. आवाजाची कळ गोल, खाचा पाडलेली, रस्त्यावरून नजर न काढता बोटांना सापडणारी. मला ही गोष्ट वॅटपेक्षा मोठी वाटते. तीन हात नाक्यावर सिग्नल सुटताना कुणालाही आवाज कमी करण्यासाठी बारीक बटणावर दोनदा टोचत बसायला वेळ नसतो.

बसवायला कोलशेत रोडवरच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे दिला. हात चलाख, पण घाईत. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली फिरवली तर घड्याळ बारावर, रेडिओची केंद्रं गायब, गाळणी पुन्हा ८० वर. परत सगळं लावलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी सेट पुढे ओढून वायरी बघितल्या. अशा सेटला दोन वायरी वीज देतात. पिवळी बॅटरीची, कायम जिवंत. सेटची आठवण तिच्यावर राहते. लाल किल्लीची, किल्ली फिरवली की जिवंत. त्याने दोन्ही पिळून किल्लीच्याच वायरीला बांधल्या होत्या. गाडी बंद केली की सेट दर रात्री सगळं विसरत होता.

आणखी एक गोष्ट होती, तिला शोधायला आठवडा गेला. गायकाचा आवाज मध्ये उभा राहत नव्हता. तो कुठेच नव्हता. डोक्याभोवती धुरासारखा पसरलेला असायचा आणि डग्गा पोकळ. आधी मला वाटलं, सेटच फसवा निघाला. मग एका रविवारी दोन्ही पुढच्या दरवाजांचे पत्रे काढले आणि दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घेऊन स्पीकरच्या वायरींना टेकवून बघितला. सेटकडून येणारी पांढरी वायर डाव्या पुढच्या स्पीकरची धन, काळी रेघ असलेली पांढरी ऋण. उजव्याच्या दोन्ही तशाच राखाडी. धनाला धन टेकवलं की स्पीकरचा कागद बाहेर यायला हवा. उजवा बाहेर आला. डावा आत गेला. म्हणजे एक स्पीकर हवा ढकलत असताना दुसरा तीच हवा ओढत होता, आणि खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकत होते. दोन वायरी अदलाबदल केल्या. पत्रा बसवायच्या आधीच सीडी लावली. डग्गा गाडीत आला. मी तिथेच पार्किंगमध्ये, मांडीवर स्क्रू ड्रायव्हर, पूर्ण विलंबित ख्याल ऐकत बसले.

एखादा सेट कसा आहे हे सांगताना आपण सेटबद्दल बोलत असतो की त्याच्या वायरी कुणी कशा पिळल्या त्याबद्दल, हे त्या दिवसापासून मी स्वतःला आधी विचारते. सात हजारांच्या सेटची निंदा ऐकली की माझा पहिला प्रश्न असतो, सेल लावून बघितलास का?

मग सुरू झाली रस्त्यावरची चाचणी. घोडबंदर रोडने गायमुखच्या घाटात मी मुद्दाम दोनदा गेले. सीडी खड्ड्यात का अडखळते याबद्दल लोकांचा एक समज असतो की चकती हलते. हलतो तो लेझर. चकतीवरची वळणं एकमेकींपासून १.६ मायक्रॉनवर आहेत, आणि खालून ७८० नॅनोमीटरच्या अवरक्त किरणाचा ठिपका त्या वाटेवर धरून ठेवायचं काम एक इवलं भिंग करत असतं, चुंबकाच्या ओढीने सरकत. गाडीच्या सेटमध्ये ती पूर्ण यंत्रणा स्प्रिंगांवर आणि तेल भरलेल्या रबरी गाद्यांवर टांगलेली असते. ओरखडा पडलेली चकती एक वेळ चालते. सीडीत माहिती अशी विखरून लिहिलेली असते की अडीच मिलिमीटर लांबीचा तुकडा गेला तरी गणिताने तो परत उभा करता येतो. पण भिंगाची वाट चुकली तर गणित काही करू शकत नाही. गायमुखला आमचा सेट तीन मोठ्या खड्ड्यांत एकदाच अडखळला. जुना दर वळणाला अडखळायचा. साडेसात हजारांतले बरेचसे पैसे मला तिथे परत मिळाले.

जुलैत त्याचं एक वेगळं रूप कळलं. रात्रभर पाऊस, सकाळी गाडीत बसले, काचा धुरकटलेल्या, सेटने सीडी घेतली आणि वाचता येत नाही असं सांगून बाहेर टाकली. दुसरीही टाकली. पुस्तिकेत लिहिलं होतं की भिंगावर दव धरतं, तासभर थांबा. एसी लावून कळवा पुलापर्यंत गेले आणि तीच सीडी वाजायला लागली. पावसाळ्यात असं सेटवर चिडून तो उघडायला देऊ नये.

या सगळ्या चाचण्या मी उजव्या सीटवरून केल्या होत्या. सेटमध्ये ऐकणाऱ्याची जागा सांगायची एक सोय असते, ती मी स्पीकरच्या वायरी सरळ केल्यावर लगेच वापरली होती. पट्टी घेऊन मोजलं: माझ्या डोक्यापासून उजव्या दरवाजाचा स्पीकर ९५ सेंटीमीटर, डावा १४०. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो, म्हणजे डाव्याचा आवाज मला १.३ मिलिसेकंद उशिरा मिळत होता. एवढ्याशा फरकाने गायक उजव्या दरवाजात जाऊन बसतो, कारण आधी पोचलेला आवाज कान खरा धरतो. सेटला अंतरं सांगितली, त्याने जवळच्या स्पीकरला तेवढं थांबवलं, आणि गायक दरवाजातून उठून डॅशबोर्डच्या मधोमध, घड्याळाच्या वर येऊन बसला. मी इतकी खूश होते की येईल त्याला गाडीत बसवून दाखवत होते. डावीकडे बसवून.

आत्याने चार महिने काही म्हटलं नाही. श्रावणातल्या एका शनिवारी ऐरोलीच्या सिग्नलला मी तिला विचारलं, ‘‘कसा वाटतो गं तुला हा सेट?’’

‘‘चांगला आहे. फक्त गाणारा माझ्या बाजूच्या काचेबाहेर बसलेला असतो. पावसात.’’

तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं, तिला वाटत होतं गाडीत असंच असतं. मी जवळच्या, म्हणजे माझ्या उजव्या स्पीकरला थांबवलं होतं. तिच्यासाठी तो आधीच लांबचा. त्याचा उशीर मी दुप्पट केला होता. रबाळ्याच्या आधी गाडी कडेला घेतली, जागा बदलून डावी पुढची केली, तिच्या डोक्यापासूनची अंतरं घातली. गाणं पुन्हा लावलं. तिने मान किंचित वळवली, काचेकडून समोर, आणि म्हणाली, ‘‘आला आत.’’

तेव्हापासून आत्या गाडीत असली की सेट डावीकडच्या सीटचा असतो. माझ्या बाजूला गायक दरवाजात बसतो, बसू दे.

त्याच दिवशी, कोपरखैरणे गेल्यावर, तिने पिशवीतून एक सीडी काढली. वेष्टन नाही, पातळ प्लास्टिकचं पाकीट, चकतीवर निळ्या मार्करने बाबांचं अक्षर: ‘सुमन, गणपती ८४’. खालची बाजू हिरवट. विकतच्या सीडीची चांदीसारखी असते. घरी लिहिलेल्या चकतीत रंगाचा थर असतो, लिहिणारा लेझर तो जाळत जातो. अशा चकतीवरून परत येणारा प्रकाश जरा कमी असतो आणि थर वर्षांनी फिका होतो, म्हणून चांगले चांगले सेट तिला नाकारतात. आमच्या सेटने चार-पाच सेकंद घेतले आणि वाचली.

१९८४ च्या गणपतीत आमच्या नौपाड्याच्या घरी आत्या गायली होती. बाबांनी साठ मिनिटांच्या कॅसेटवर ध्वनिमुद्रण केलं होतं आणि २००५ च्या सुमारास स्टेशनजवळच्या एका दुकानातून ते सीडीवर उतरवून घेतलं होतं. मी तेव्हा एकदा ऐकलं होतं. आत्याने, ती म्हणाली, दोनदा.

‘‘मग कधी लावली नाहीस ती?’’

‘‘आवडलं नाही मला माझं गाणं. त्या दिवशी आवाज बसला होता असं वाटलं. जड. ताना ओढून-ओढून घेतल्यासारख्या.’’ थोड्या वेळाने म्हणाली, ‘‘बघू म्हटलं या नव्या सेटवर कशी वाजते.’’

वाजली. पेटी, टाळ, मागे कुणाचं तरी बाळ. आत्याचा आवाज समोर, बरोबर तिच्या समोर. तुर्भ्यापर्यंत ती डोळे मिटून होती. मग तिचं बोट मांडीवर काहीतरी शोधायला लागलं, पट्ट्या दाबल्यासारखं.

‘‘हे पांढरी पाचात आहे,’’ ती म्हणाली. ‘‘मी पांढरी पाचात कधी गायले नाही. मी काळी चारात गाते. तुझं यंत्र हळू चालतंय.’’

एका सेटसाठी मी दोन शनिवार, एक रविवार आणि चार महिने दिले होते. ते हळू चालतंय हे ऐकून माझ्या पोटात खड्डा पडला. पण घरी जाऊन विचार केला तेव्हा लक्षात आलं, सीडीचा सेट असा हळू चालूच शकत नाही. चकती वाकडीतिकडी फिरली तरी आवाज बाहेर पडतो तो क्वार्ट्झच्या स्फटिकाच्या ठेक्यावर, सेकंदाला ४४,१०० नमुने, एकही कमी नाही की जास्त नाही. १९८२ मध्ये पहिला सीडी प्लेअर विक्रीला आला तेव्हापासून हेच. काळी चारवरून पांढरी पाचावर यायला तो ठेका अर्ध्या पट्टीने, म्हणजे जवळपास सहा टक्क्यांनी, घसरायला हवा. स्फटिक इतका घसरत नाही. खात्रीसाठी बाबांच्या पाच विकतच्या सीडी लावून फोनवरच्या ट्यूनरशी ताडून बघितल्या. सगळ्या जागच्या जागी.

दुसरा पुरावा सेटच्या पडद्यावरच होता, इतके दिवस नजरेसमोर. सुमनच्या सीडीची एकूण वेळ ६४ मिनिटं. कॅसेट साठ मिनिटांची. कॅसेटमध्ये मिनिट-दीड मिनिट फीत जास्त असते, पण चार मिनिटं नाही. कॅसेटचा ठरलेला वेग सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर. दुकानातला डेक त्याहून हळू फिरत असणार, आतला रबरी पट्टा सैल झाला की तसं होतं. त्यांनी गाणं सहा टक्के हळू वाजवलं आणि तसंच सीडीवर लिहिलं. स्वर अर्ध्या पट्टीने उतरला, लय ओढली गेली, आवाजाचा पोत जाड झाला. आणि बारा वर्षं आत्या समजत होती की त्या दिवशी ती वाईट गायली.

पुढच्या शनिवारी मी लॅपटॉप घेऊनच नेरुळला गेले. १९८४ ची पेटी तिच्याकडेच आहे, खिडकीखाली, वर शाल टाकलेली. ऑडॅसिटी या आवाज दुरुस्त करायच्या प्रोग्रॅममध्ये ध्वनिमुद्रण उघडलं. आत्याने भाता उघडला, काळी चार दाबली आणि धरून ठेवली. मी वेग वाढवत गेले. चार टक्के. पाच. पेटीचे दोन सूर, एक कॅसेटमधला आणि एक खोलीतला, एकमेकांशी भांडत होते, त्या भांडणाची एक थरथर ऐकू येत होती. वेग वाढवला तशी थरथर मंद होत गेली. ५.९ ला ती श्वासाइतकी लांब झाली. ‘‘अजून इवलं,’’ आत्या म्हणाली. नंतर थरथर थांबली. एकच पेटी, तेहतीस वर्षांनी तीच पट्टी. आत्याने बोट उचललं आणि कॅसेटमधली पेटी एकटीच तिच्या सुरात पुढे गेली.

एकूण वेळ साडेसाठ मिनिटं भरली.

नवी चकती लिहिली, शेवटी ती बंद (फायनलाइज) करायला विसरले नाही, कारण न बंद केलेली चकती गाडीचा सेट वाचत नाही. मार्करने मी तेच लिहिलं जे बाबांनी लिहिलं होतं. गणपतीच्या आधीचा शनिवार होता. नौपाड्यातून आत्याला घेतलं, संध्याकाळची वेळ, कळवा पुलावर गर्दी. सीडी आत गेली. विटाव्याला रेल्वेच्या पुलाखाली गाड्या अडकून होत्या. तिथे रेडिओ हमखास मरतो, आज त्याची गरज नव्हती. आत्याची तान पहिल्यांदा आली तेव्हा तिने स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तिथेच ठेवला. सत्तेचाळीस वर्षांनी... नाही, तेहतीस. मी दिघ्यापर्यंत मनात वजाबाकी करत होते. एक्केचाळिशीतली बाई गात होती. आवाज हलका, पाणीदार, ताना सरळ उतरणाऱ्या.

‘‘बरी गात होते की,’’ ती म्हणाली.

सानपाड्याच्या आसपास पहिली बाजू संपली. अभंग संपला, टाळ थांबले, आणि मग बाबांचा आवाज आला. ‘‘थांब गं जरा, बाजू उलटतो.’’ बस, एवढंच, मग खटका. जुन्या चकतीवरही ते वाक्य होतं, पण तिथे ते मला त्यांच्या शेवटच्या वर्षातले बाबा वाटायचे, जीभ जड झालेले. हा आवाज त्रेचाळिशीतल्या माणसाचा होता. घाईतला, उत्साही. मला शाळेच्या बससाठी जिन्यावरून हाक मारणारा.

‘‘मागे घे,’’ आत्या म्हणाली.

मी मागचं बटण दाबलं. दुकानाने दोन्ही बाजू मिळून एकच ट्रॅक केला होता आणि मीही तो तसाच ठेवला होता, त्यामुळे पडद्यावरची वेळ उडाली आणि ०:०० झाली.

‘‘अगं, पार सुरुवातीला गेलं. दाबून धरून पुढे आणते, थांब.’’

‘‘नको. पहिल्यापासूनच लागू दे.’’

पेटीचा भाता भरल्याचा आवाज आला. एल.पी.चा पूल जवळ आला, नेरुळला उतरायची डावी लेन सुरू झाली. आत्याने तिकडे बघितलं, मग समोर बघितलं. मी लेन बदलली नाही. गाडी सरळ उरण फाट्याकडे ठेवली.